आडवा हात

"कोट काढ तिचा," हेन्रिका म्हणाली.
बाहेर उणे बावीस. अंगणातला बर्फ बुटाखाली
करकर वाजतोय, आणि ही म्हणते कोट काढ.
चाळीस वर्षं मी लाकडाचा ट्रक हाकला,
सोदानक्युलापासून केमीच्या बंदरापर्यंत,
आणि मला गाडीतलं शिकवायला निघालीय माझीच पोर.

काढला.
आमू ओरडली, थंडीने नाही, रागाने.
आमू म्हणजे आमच्या भाषेत सकाळ.
डिसेंबरात आमच्याकडे धड उगवते ती एवढी एकच,
आणि तीही दूध सांडत.

"कोटात हवा असते, बाबा.
पट्टा हवेला आवळला जातो, पोरीला नाही."
तिने पट्ट्यांचा पीळ उलगडला,
खटका लावला, खालची दोरी ओढली,
मग खांद्यापाशी दोन बोटांनी पट्टा चिमटून पाहिला.
"चिमटीत आला तर सैल. निसटला तर ठीक.
आता तू कर."

माझी बोटं कुऱ्हाडीची, साखळदंडाची.
एवढ्याशा खांद्यावरून ती फिरवताना कसनुसं झालं.
दोनदा चिमटीत आला. तिसऱ्यांदा निसटला.
मग कोट पट्ट्यांवरून, उलटा, बाह्या पुढून घातलेल्या.
आमू शांत. आता ती राणी.

मी म्हटलं, आमच्या वेळी असली थेरं नव्हती.
तू मागच्या काचेखालच्या फळीवर झोपायचीस,
नाहीतर पुढे, माझ्या शेजारी, उभी.
ब्रेक लागला की मी हात आडवा घालायचो, बस.
काय झालं तुला?

ती काही बोलली नाही.
वाकून कोटाची कड खोचत होती.
छतातला छोटा दिवा तिच्या तोंडावर,
आणि डाव्या भुवईत ती रेघ,
जिथे केस उगवत नाहीत.

पेल्कोसेन्निएमीचा रस्ता. सव्वातीन वर्षांची होती.
रेनडियर मध्ये आला. मी हात आडवा घातला.
घातला होता. वेळेवर घातला होता.
हात पोचायच्या आधी पोर पोचली.
सात टाके.
घरी सांगितलं, बर्फावरून घसरली.
तीही तेच सांगत आली, शाळेत, मैत्रिणींना, नवऱ्याला,
पस्तीस वर्षं.

हेन्रिका रात्रपाळीला गेली. मी आमूला घेऊन निघालो.
ती पाठमोरी बसते, रस्ता मागे पडताना बघत.
उलटंच सगळं:
सत्तरी ओलांडलेल्याने पुढचं बघायचं,
आणि तिसऱ्या वर्षी तिने, होऊन गेलेलं.

ओरायार्वीच्या वळणावर डोळे चमकले.
दोन. मग आठ.
ब्रेक. गाडी दातओठ खात घसरली, थांबली.
आणि माझा उजवा हात, मला न विचारता,
शेजारच्या रिकाम्या सीटपुढे आडवा.
बेकरीची पिशवी त्याला न जुमानता खाली गेली,
वेलदोड्याचे पाव वितळलेल्या बर्फाच्या डबक्यात.

मागे चिडीचूप.
"आमू?"
"आजोबा, आलं का घर?"

रेनडियर रमतगमत पलीकडे गेले,
जसं काही जंगलखात्याने आम्हालाच थांबवलं होतं.
हात अजून तसाच होता.
खाली घ्यायला थोडा वेळ लागला.

उतरलो. मागचं दार उघडलं.
कोटाखाली बोटं घालून पट्टा चिमटून पाहिला. निसटला.
परत पाहिला.
"गुदगुल्या नको करू," आमू म्हणाली. "आणि पाव?"

सकाळी हेन्रिका तिला न्यायला आली.
रेनडियरचं सांगितलं. पावांचं सांगितलं, ती हसली.
हाताचं सांगायला तोंड उघडलं,
तर तिने भुवई खाजवली, सहज, झोपेने,
आणि म्हणाली, "बाबा, कोट तूच काढ.
तुझं ऐकते ती."